फ्रान्समधल्या लहान गावांचा कारभार गावातच राहू द्या

फ्रान्समध्ये दर काही वर्षांनी एक आकडा टीव्हीच्या पडद्यावर येतो आणि जुनीच चर्चा नव्याने सुरू होते. आकडा आहे सुमारे ३५ हजार. इतकी कम्यून त्या देशात आहेत. कम्यून म्हणजे स्थानिक कारभाराचं सगळ्यात खालचं एकक. चटकन समजावं म्हणून ग्रामपंचायत म्हणा, पण साडेआठ लाखांहून जास्त वस्तीचं मार्सेय शहर हेही कम्यूनच आणि नव्वद माणसांचं डोंगरातलं गाव हेही कम्यूनच. दोन्हीकडच्या प्रमुखाला एकच शब्द, मेर. दोन्हीकडच्या कचेरीला एकच शब्द, मेरी. या ३५ हजारांपैकी जवळपास निम्म्या कम्यूनमध्ये पाचशेपेक्षा कमी लोक राहतात. मग चर्चेतला एक जण विचारतो, शेजारच्या बेल्जियमने १९७७ मध्ये २,३५९ ची ५९६ केली, डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ ची ९८ केली, आपण कशाची वाट पाहतोय? त्यावर दुसरा चर्चचा मनोरा, चौकातली झाडं आणि लहानपणची सुट्टी आठवून गहिवरतो. एकाकडे हिशेब असतो, दुसऱ्याकडे आठवणी. ज्या प्रश्नावर वाद व्हायला हवा तो मात्र दोघांकडूनही राहून जातो: गावाबद्दलचा निर्णय कोण घेणार, आणि तो चुकला तर गावकऱ्याने कोणाचं दार ठोठवायचं?

माझं मत आधीच सांगून टाकते. जोवर एखादं गाव स्वतः मतपेटीतून तसं म्हणत नाही, तोवर त्याचं कम्यून मोडून मोठ्या कम्यूनमध्ये मिसळणं चूक आहे. पाण्याच्या मोठ्या योजना, कचऱ्याची विल्हेवाट, डॉक्टर मिळवणं ही कामं गावांनी एकत्र येऊन करावीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रस्ता, शाळेची इमारत, दफनभूमी, पाणंद, गावच्या मालकीचं घर कोणाला भाड्याने द्यायचं, यांचे निर्णय ज्यांना ते भोगायचे आहेत त्यांच्या समोरच व्हावेत. मी गेली सहा वर्षं मध्य फ्रान्समधल्या डोंगराळ कांताल जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वस्ती एकशे ऐंशीच्या आसपास. युरोपीय संघाच्या नागरिकांना तिथे स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, भारतीय पासपोर्टवर ते मिळत नाही. कम्यूनच्या निवडून आलेल्या कौन्सिलच्या बैठका मात्र कायद्यानेच सर्वांना खुल्या असतात. मागच्या बाकावर बसून ज्या बैठका ऐकल्या, त्यांतून हे मत बनलं आहे.

विलीनीकरणाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण त्यातलं बरंचसं मी रोज पाहते. आमच्या मेरीची सचिव आठवड्यातून दोन अर्धे दिवस येते, उरलेले दिवस ती आणखी दोन गावं सांभाळते. जन्म-मृत्यूची नोंद, मतदारयादी, अंदाजपत्रक, बांधकामाचे अर्ज, निविदा, सगळं तिच्याच टेबलावर. ती आजारी पडली की गाव अडतं. दुसरा मुद्दा माणसांचा. २०२० च्या निवडणुकीत शंभरावर कम्यूनमध्ये पहिल्या फेरीला एकही उमेदवार उभा नव्हता, आणि मुदत संपायच्या आत राजीनामा देणाऱ्या मेरांच्या बातम्या आता नेहमीच्या झाल्या आहेत. तिसरा मुद्दा न्यायाचा, आणि मला तो सगळ्यात जड वाटतो. अणुवीज केंद्र किंवा स्कीइंगची धावपट्टी ज्या कम्यूनच्या हद्दीत येते तिथे करांचा पैसा साठतो. तिथे काम करणारा मजूर दोन किलोमीटरवरच्या गावात राहतो, त्याची मुलं तिथल्या शाळेत जातात, आणि त्या गावाकडे शाळेचं छप्पर दुरुस्त करायलाही पैसे नसतात. चौथा मुद्दा भाऊबंदकीचा. लहान गावात एकाच घराचं तीस-तीस वर्षं राज्य चालू शकतं, आणि कोणाची जमीन बांधकामासाठी खुली होणार यात नातं आडवं येऊ शकतं.

विलीनीकरणवादी आणखी एक गोष्ट सांगतात, आणि तीही खरी आहे. फ्रान्सचं सेनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, थेट जनतेतून निवडलं जात नाही, ते निवडणारे बहुतेक लोक कम्यूनचेच प्रतिनिधी असतात. १८७५ मध्ये गांबेता या राजकीय नेत्याने सेनेटला फ्रान्सच्या कम्यूनची महासभा म्हटलं होतं ते याच कारणाने. शिवाय १९७६ पासून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला निवडून आलेल्या ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, आणि नव्वद वस्तीच्या गावाच्या मेरची सही मोठ्या शहराच्या मेरच्या सहीइतकीच मोजली जाते. मग ज्यांच्या खुर्च्या जाणार त्यांच्याच हातात कायद्याची दोरी असेल, तर एवढी कम्यून टिकली ती लोकांच्या इच्छेने की हितसंबंधांमुळे? प्रश्न रास्त आहे. पण हितसंबंध असलेला माणूस बरोबर बोलत असू शकतो, म्हणून त्याचं म्हणणं वेगळं तपासावं लागतं.

आधी पैशाचं बघू. एवढी कम्यून म्हणजे उधळपट्टी, असं गृहीत धरूनच बोललं जातं. फ्रान्समध्ये कम्यूनचे सुमारे पाच लाख सदस्य आहेत, आणि लहान गावांतले जवळपास सगळे बिनपगारी काम करतात. पाचशेखालच्या गावाच्या मेरला महिन्याला सुमारे हजार-अकराशे युरो मानधन मिळतं, तेही २०१९ च्या कायद्याने वाढवल्यावर. त्या पैशात तो गावात लग्नं लावतो, मृत्यूची नोंद करतो, कौन्सिल चालवतो, आणि रात्री दोन वाजता वादळाने झाड रस्त्यावर पडलं की करवत घेऊन स्वतः जातो. आमच्याकडे एक सदस्य स्वतःच्या ट्रॅक्टरला फाळ लावून बर्फ हटवतो. दुसरी गावातला कपडे धुण्याचा जुना दगडी हौद साफ ठेवते, कारण तो तिच्या घरासमोर आहे. कम्यून मोडलं की ही माणसं पद सोडतात, पण पाऊस झाल्यावर मोरी तुंबायची थांबत नाही. ती बघायला वीस किलोमीटरवरून पगारी माणूस, गाडी आणि डिझेल पाठवावं लागतं. त्या गाडीचा खर्च विलीनीकरणाच्या हिशेबात कोण धरतो?

मोजायचं कशात, हाही प्रश्न आहे. माणसांत मोजलं तर गाव लहान दिसतं. जमिनीत मोजलं तर सरासरी कम्यून पंधरा-सोळा चौरस किलोमीटरचं भरतं, म्हणजे एका माणसाने एका दिवसात पायी फिरून पाहावं इतकं. फ्रान्सचा मध्यभाग विरळ वस्तीचा आहे. क्रूझ जिल्ह्यात साडेपाच हजार चौरस किलोमीटरवर जेमतेम सव्वा लाखाच्या आत लोक राहतात, आणि कम्यून अडीचशेच्या आसपास. लोकसंख्येचा आकडा सुंदर दिसावा म्हणून दहा गावं एकत्र केली तर कम्यून दोनशे-सव्वादोनशे चौरस किलोमीटरचं होईल, आणि लोक तरीही पाच हजार भरणार नाहीत. बेल्जियममध्ये किंवा हॉलंडमध्ये एक गाव संपतं तिथे दुसरं सुरू होतं, तिथे हद्द पुसली तरी कचेरी फार दूर जात नाही. कांतालमध्ये हिवाळ्यात घाट बंद होतो. तिथे दूर जाणं म्हणजे खरंच दूर जाणं.

एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली बैठक, रात्री आठची. मेरीच्या त्या खोलीत एकच लांब टेबल आहे, भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो, कोनाड्यात मारियानचा, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा, पांढरा अर्धपुतळा, आणि हीटर लावल्यावर ओल्या कोटांचा वास. विषयपत्रिकेवर सहावा विषय होता एक पाणंद. वरच्या वाडीतून गावात येणारी, दोन दगडी बांधांमधली वाट. एका शेतकऱ्याने कुरण सलग करण्यासाठी तिच्यावर दोन ठिकाणी काटेरी तार ताणली होती. वाडीतल्या एका म्हातारबाईंनी तक्रार केली होती, लिहून नाही, बेकरीच्या गाडीपाशी, मेरला समोरासमोर. मेरने कपाटातून एक मोठी गुंडाळी काढली. नेपोलियनने १८०७ मध्ये सुरू केलेल्या जमीनमोजणीतला गावचा नकाशा होता तो. हाताने रंगवलेला, घडीच्या रेघांवर फाटलेला. अकराही जण त्यावर वाकले. पाणंद तिथे स्पष्ट होती, दोन समांतर रेघा. तो शेतकरीही माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्याने टोपी काढली आणि म्हणाला की गाई सुटून रस्त्यावर येतात, त्याचं काय? त्यावर वीस मिनिटं बोलणं झालं. शनिवारी सकाळी मेर, दोन सदस्य, तो शेतकरी आणि त्या बाई वाट चालून आले. ठरलं ते असं: तार काढायची, तिच्या जागी कम्यूनने दोन ढकलून उघडणारी लाकडी फाटकं द्यायची, आणि ती गवताची कापणी झाल्यावर बसवायची. दोन फाटकांचा खर्च. वकील नाही, मोजणीदार नाही, कोर्ट नाही. त्या शेतकऱ्याचा आणि बाईंचा बोलण्याचा संबंध टिकला, हे कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलं जात नाही.

हाच अर्ज तीस गावांच्या संयुक्त कचेरीत गेला असता तर? तिथली माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. उलट ती शिकलेली आहेत, कायदा जाणतात. पण त्यांना त्या गाई माहीत नाहीत. त्यांच्यापुढे एक फाइल आली असती, तिला क्रमांक पडला असता, आणि नियमाप्रमाणे अतिक्रमण हटवण्याची नोटीस गेली असती. शेतकऱ्याने वकील केला असता. बाईंनी ती वाट सोडून दिली असती.

हे सहकार्याच्या विरोधातलं बोलणं नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने गावांचे संयुक्त समुदाय सुरू केले तेव्हा कल्पना चांगली होती: जे एकट्याला झेपत नाही ते मिळून करा. पण २०१५ च्या कायद्याने समुदायाची किमान वस्ती साधारणपणे पाच हजारांवरून पंधरा हजारांवर नेली, डोंगराळ आणि विरळ भागांना थोडी सूट ठेवली, आणि मग आकाराचीच स्पर्धा लागली. बास्क प्रदेशात २०१७ पासून १५८ कम्यूनचा एकच समुदाय आहे आणि त्याच्या सभागृहात २३२ सदस्य बसतात. लहान गावाला त्यात एक जागा. शेतावरून येऊन, तासभर गाडी चालवून, २३२ जणांत एक हात वर करायचा, याला कारभारात सहभाग म्हणायचं का? आपल्याकडे गट ग्रामपंचायतीतल्या वाडीवस्तीवर राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दिवा आधी मुख्य गावात लागतो, डांबर आधी मुख्य गावात पडतं.

हा वाद आजचा असल्यासारखा मांडला जातो, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. कारण फ्रान्सने तो सव्वादोनशे वर्षांपूर्वी केला आहे आणि प्रयोग करूनही पाहिला आहे. १७८९ च्या शरद ऋतूत, राज्यक्रांती नुकतीच सुरू झाली असताना, राष्ट्रीय सभेपुढे तिचेच सदस्य सिएस आणि तुरे यांची योजना आली: देशाचे चौकोनी तुकडे पाडा, प्रत्येक जिल्ह्यात नऊ मोठी कम्यून, सगळी मिळून ७२० च्या आसपास. कागदावर ती अत्यंत नीटस होती. सभेतल्याच मिराबोने तिला विरोध केला. त्याचं म्हणणं, माणसं आधीपासून गावात एकत्र राहतात, तीच खरी वस्तू आहे, तिच्यावरून रेघ ओढू नका. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये कायदा झाला तेव्हा प्रत्येक वस्तीला तिचं कम्यून मिळालं, बहुतेक ठिकाणी जुन्या चर्चच्या परगण्याच्या हद्दीवरच. मग १७९५ च्या राज्यघटनेने उलटी दिशा धरली. पाच हजारांखालच्या सगळ्या कम्यूनचा कारभार कॅन्टन नावाच्या गटाकडे दिला, प्रत्येक गावाचा एक प्रतिनिधी त्या गटाच्या बैठकीला जायचा. आजच्या संयुक्त समुदायाचा हा जवळजवळ हुबेहूब आराखडा. प्रतिनिधी बैठकीला येईनात, गावाची कामं अडून राहू लागली, आणि १८०० मध्ये ती व्यवस्था गुंडाळावी लागली. गुंडाळणारा नेपोलियन होता आणि त्याने मेर वरून नेमायला सुरुवात केली, म्हणजे गावाला नाव परत मिळालं, मत नाही. ते पुढे टप्प्याटप्प्याने मिळालं आणि १८८४ मध्ये पक्कं झालं. त्या वर्षीच्या ५ एप्रिलच्या कायद्याने निवडून आलेलं कौन्सिल आणि कौन्सिलने निवडलेला मेर, ही रचना कायम केली. आज चालते ती मुळात तीच.

आणखी एक वर्ष विसरू नये. नोव्हेंबर १९४० मध्ये, जर्मनीपुढे फ्रान्स हरल्यावर आलेल्या व्हिशी सरकारने दोन हजारांवरच्या वस्तीच्या कम्यूनमधली निवडणूक बंद केली आणि तिथले मेर वरून नेमले. त्याखालच्या गावांना हात लावला नाही. लहान म्हणून दुर्लक्ष झालं, इतकंच. पण त्या दुर्लक्षामुळे देशात निवडून आलेली काही माणसं उरली, तीही फक्त लहान गावांत. त्या काळात लहान गावांचे सगळे मेर धैर्याने वागले असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. एवढंच की सत्ता एका ठिकाणी गोळा झालेली असली की ती ताब्यात घेणं सोपं जातं, आणि हजारो खोल्यांत विखुरलेली असली की कठीण.

जिथे गावांना बळजबरीने एकत्र केलं आणि नंतर निवड दिली, तिथे काय झालं? चेक प्रजासत्ताकाकडे पाहा. कम्युनिस्ट काळात तिथली गावं एकत्र करून संख्या चार हजारांच्या थोडी वर आणली होती. १९८९ नंतर लोकांना विचारल्यावर तीन-चार वर्षांत ती सहा हजारांपलीकडे गेली. फ्रान्समध्येही १९७१ च्या विलीनीकरण कायद्याने ज्या गावांचं लग्न लावलं होतं, त्यांतल्या काहींनी पुढे फारकत घेतली. ही गावं वेडी होती का? पैसे वाचत असताना, अनुदान मिळत असताना त्यांनी वेगळं व्हायचं का ठरवलं, हा प्रश्न विलीनीकरणवाद्यांनी मनापासून स्वतःला विचारायला हवा.

आता भाऊबंदकीचा आक्षेप. तो खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. मोठ्या कम्यूनमध्ये पक्षपात नाहीसा होत नाही, फक्त दिसेनासा होतो. लहान गावात मेरच्या भावाच्या शेतात घर उभं राहिलं तर ते सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. त्यावर इलाज आहेत. १९८२ पासून प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्यातला सरकारचा प्रतिनिधी, कौन्सिलचे ठराव आधी अडवू शकत नाही, पण बेकायदा ठराव तो प्रशासकीय न्यायालयात नेऊ शकतो, आणि नागरिकही नेऊ शकतात. दर सहा वर्षांनी निवडणूक असते. द्रोम जिल्ह्यातलं सायां हे हजार-बाराशे वस्तीचं गाव घ्या. जुन्या मेरने गावाबाहेर सुपरमार्केट यावं म्हणून पाठिंबा दिला. गावातल्या दुकानांच्या काळजीने लोक एकत्र आले, आणि २०१४ मध्ये त्यांनी सगळं कौन्सिलच बदललं. नव्यांनी विषयवार बैठका सुरू केल्या, कोणीही यावं, कोणीही बोलावं. २०२० मध्ये तेच लोक थोडक्या मतांनी हरले, कारण गावातल्या दुसऱ्या निम्म्यांना एवढ्या बैठकांचा कंटाळा आला होता किंवा त्यांना वेगळं काही हवं होतं. मला या गोष्टीतला दुसरा भागही पहिल्याइतकाच आवडतो. सुपरमार्केटचा निर्णय आणि बैठकांचा निर्णय, दोन्ही सायांच्या लोकांनी घेतले. वीस गावांच्या कम्यूनमध्ये ते सुपरमार्केट नकाशावरचा एक ठिपका ठरलं असतं.

माणसं मिळत नाहीत, हेही खरं. पण का मिळत नाहीत? गाव लहान म्हणून असेल, तर शंभर वर्षांपूर्वी आणि पन्नास वर्षांपूर्वीही मिळायला नको होती. मधल्या काळात बदललं ते हे की मेरकडे जबाबदारी राहिली आणि निर्णय गेला. २०१४ ते २०१७ मध्ये केंद्राने स्थानिक संस्थांच्या अनुदानात मोठी कपात केली. पुढे २०१८ पासून टप्प्याटप्प्याने राहत्या घरावरचा निवासकर रद्द केला आणि २०२३ पर्यंत तो पूर्ण गेला. कर देणाऱ्यांना आनंद झाला, यात नवल नाही. पण गावाच्या हातात स्वतः दर ठरवावा असा मुख्यतः जमीन-घरपट्टीचा करच उरला, आणि भाडेकरू गावाच्या खर्चातून जवळजवळ बाहेर पडला. आता शाळेचं छप्पर गळलं की मेर अनुदानाचे अर्ज लिहीत बसतो: एक प्रीफेक्टच्या कचेरीकडे, एक जिल्ह्याकडे, एक प्रदेशाकडे. प्रत्येकाची मुदत वेगळी, प्रत्येकाचा नमुना वेगळा. हे काम करायला कोण तरुण शेतकरी किंवा शिक्षिका निवडणुकीला उभी राहील? वर माथी येतो तो लोकांचा राग. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हार जिल्ह्यातल्या सीन्य गावचे ७६ वर्षांचे मेर जाँ-मातिय मिशेल राडारोडा टाकणाऱ्यांची गाडी अडवायला गेले आणि तिच्याखाली सापडून मेले. अडवायला तेच गेले, कारण आपल्या गावात तेवढं तरी आपण करायचं असतं असं मेर समजतो. अशा माणसाला लोकांनी विचारायचं की तुम्ही लागताच कशाला?

एक सुधारणा मला पटते आणि तिची किंमतही दिसते, म्हणून दोन्ही सांगते. हजाराखालच्या गावांत पूर्वी मतदार मतपत्रिकेवरचं नाव खोडून दुसरं लिहू शकत होता. २०२५ च्या कायद्याने ते बंद झालं, मार्च २०२६ पासून तिथेही स्त्री-पुरुष आलटून-पालटून असलेली यादी आली. २०२० मध्ये निवडून आलेल्या मेरांत बायका पाचातली एक होत्या, तेव्हा बदल हवाच होता. पण नाव खोडण्याचा तो हक्क गावाच्या हातातलं एक बारीक आणि अचूक हत्यार होतं. संपूर्ण कौन्सिल न पाडता एका माणसाला घरी बसवता यायचं. ते गेल्याचं मला वाईट वाटतं.

न्यायाच्या मुद्द्यावर मी विरोधकांच्या सर्वांत जवळ आहे. श्रीमंत कम्यून आणि शेजारचं गरीब कम्यून यांच्यातली दरी अन्यायाचीच आहे. पण ती भरायची तर पैसा हलवावा, हद्द कशाला हलवायची? समुदायांच्या पातळीवर श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देणारा निधी २०१२ पासून आहे. तो वाढवा, धाडसाने वाढवा. कारण हद्दी पुसल्याने गरिबी पुसली जात नाही. एकत्र केलेल्या दहा गरीब गावांचं एक मोठं गरीब कम्यून होतं, आणि त्याला आता तक्रार करायला एकच तोंड उरतं.

आणि ज्यांना फक्त मनोरा आणि झाडं आठवतात, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. तो मनोरा चर्च आणि सरकार वेगळं करणाऱ्या १९०५ च्या कायद्यापासून कम्यूनच्या मालकीचा आहे, त्याचं छप्पर गळलं तर बिल कम्यूनला येतं. गाव जपायचं म्हणणारे बरेच जण निवासकर रद्द झाला तेव्हा खूश होते. गाव म्हणजे सुट्टीतलं चित्र नव्हे. दरवर्षी शरदात आमच्याकडे गावच्या जंगलातलं सरपण वाटलं जातं. खुणा केलेली झाडं, प्रत्येक चुलीमागे एक वाटा, आणि वाट्यांच्या चिठ्ठ्या टाकून सोडत. त्याची यादी कौन्सिल करतं. यादीत कोणाचं नाव यावं, वर्षातून दोन महिने येणाऱ्याला वाटा द्यावा का, यावर दरवर्षी खडाजंगी होते. ज्यांचं घर त्या लाकडावर तापतं त्यांचा हा विषय आहे, आणि म्हणून तिथे निर्णय गंभीरपणे घेतला जातो.

पहिल्या महायुद्धात, ईशान्य फ्रान्समधल्या व्हेर्दांजवळ १९१६ च्या लढाईत नऊ गावं जमीनदोस्त झाली. त्यांतली सहा पुन्हा कधीच बांधली गेली नाहीत. माती विषारी, न फुटलेले तोफगोळे, खाली माणसांची हाडं. फ्लरी-दव्हां-दुओमाँ हे त्यांतलं एक. तिथे घर नाही, शाळा नाही, रहिवासी नाही. तरी १९१९ च्या कायद्याने त्या सहाही गावांना कम्यून म्हणून ठेवलं, आणि आजही प्रीफेक्ट तिथे मेर नेमतो. जुन्या गल्ल्यांच्या जागी खुणा आहेत: इथे बेकरी होती, इथे विहीर, इथे शाळा. हिशेब मांडणाऱ्याला हे पटणार नाही. पण गाव म्हणजे तिथल्या डोक्यांची बेरीज नसते हे त्या देशाला तेव्हा माहीत होतं, आणि तेही महायुद्धाने कर्जात बुडवलेलं असताना. २०१८ च्या शेवटी पिवळी जॅकेटं घालून लोक सरकारविरुद्ध चौकाचौकांत उतरले, पॅरिसच्या कोणाशीच बोलायला तयार नव्हते, तेव्हा तक्रारींच्या वह्या कुठे उघडल्या गेल्या? गावोगावच्या मेरी कचेऱ्यांमध्ये. आणि जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँनी राष्ट्रीय संवाद सुरू केला तो नॉर्मंडीतल्या सहाशे मेरांसमोर उभं राहून.

माझी मागणी अवघड नाही. २०१० पासून नवीन कम्यून करण्याचा जो कायदा आहे त्यात सगळ्या कौन्सिलांनी होकार दिला तर मतदारांना विचारावंच लागत नाही. कौन्सिलांत एकमत नसेल तरच मतदान. हे उलट करा. प्रत्येक गावात मतदान, प्रत्येक गावाचं मत वेगळं मोजलेलं, आणि एका गावाने नाही म्हटलं तर ते गाव बाहेर. एकत्र झालेल्यांना उपकचेरी आणि प्रतिनिधी-मेर मिळतो असं सांगितलं जातं, पण पुढे दोन्ही काढून घेता येतात. ते गावाच्या संमतीशिवाय काढता येऊ नयेत. दर ठरवता येईल असा एक तरी कर गावाकडे परत द्या. आणि सचिवाच्या पदाला २०२३ च्या कायद्याने जो मान दिला, त्याला साजेसा पगार द्या.

या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या दोन गावांकडून एकत्र येण्याचा प्रस्ताव आला. कायद्याने गरज नसताना मेरने प्रत्येक पत्रपेटीत चिठ्ठी टाकली आणि रविवारी सकाळी समारंभाच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. पंच्याहत्तर-ऐंशी माणसं आली, म्हणजे जवळजवळ निम्मं गाव. मी मागे उभी होते. कोणी भाषण केलं नाही. बर्फाचा ट्रॅक्टर कोणाच्या गावातून आधी निघणार, असं एकाने विचारलं. जन्माची रजिस्टरं कुठल्या कपाटात राहणार, असं एका आजींनी. शाळेत सध्या चौदा मुलं आहेत, ती बंद करायचं ठरलं तर कोण ठरवणार, असं एका आईने. लाकडाच्या वाट्याचं कोणीतरी. पाणंदीवरच्या त्या शेतकऱ्याने हात वर केला आणि विचारलं की दोन फाटकांसाठी मी आता कोणाकडे जायचं. मेरकडे त्याचं उत्तर नव्हतं. त्याने सगळे प्रश्न शाळेच्या वहीत एकाखाली एक लिहून घेतले, मोठ्याने वाचून दाखवले, राहिलेला कोणाचा आहे का विचारलं, आणि ती वही घेऊन तो मंगळवारी शेजारच्या दोन मेरांना भेटायला गेला.